पाहिली, ठीक आहे

४ मार्च

धाकटे,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून कोणी गेलं की काय असं मनात आणू नकोस. कोणी गेलेलं नाही. एक म्हातारी थोडक्यात वाचली. पुढची वाचेलच याची खात्री देता येत नाही, म्हणून लिहितेय. फोन करणार होते, पण तुझा फोन तुझी सेक्रेटरी उचलते आणि मला "आपण कोण?" म्हणून विचारते. पस्तीस वर्षं तुमच्या कारखान्यात काढल्यावर या प्रश्नाचं उत्तर द्यायची माझी तयारी नाही.

आधी काम. तुझ्या मुलाने काढलेल्या नव्या गाडीचं दार आतून हाताने उघडत नाही. कडी नाही, हँडल नाही, एक बटण आहे. ते दाबलं की विजेवर दार उघडतं. बॅटरी मेली की ते बटण आणि तुझ्या कोटाचं बटण यांत फरक उरत नाही. बाहेरची हँडलंही विजेवरच बाहेर येतात. पुढच्या दोन दारांना सीटखाली झाकणाआड एक दोरी आहे. मागच्यांना तीही नाही. मागे बसणारी माणसं बहुधा अडकत नाहीत, असा कोणीतरी शोध लावला असावा.

२६ फेब्रुवारीला एक नर्स आपल्या आईला मागच्या सीटवर बसवून निघाली होती. औषधाच्या दुकानापाशी थांबली, गाडी बंद केली, पाच मिनिटांत येते म्हणाली. परत आली तर गाडी मेलेली. दुपारचे दोन, काचा बंद, आई आत. बाहेरून ही दार बडवतेय, आतून ती काचेवर तळवा आपटतेय. शेवटी शेजारच्या टायरवाल्याने जॅकच्या दांड्याने काच फोडली. एकोणीस मिनिटं गेली. म्हातारी तीन दिवस हॉस्पिटलात होती.

नर्सने पत्र मला लिहिलं. कंपनीला नाही, तुझ्या मुलाला नाही, मला. कारण गाडीच्या कप्प्यात कार्ड होतं.

कार्डाची पद्धत तू विसरली असशील तर सांगते. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मोठ्या मालकांनी घालून दिलेली. गाडी लाइनवरून उतरली की शेवटची तपासणी करणाऱ्याने पिवळ्या कार्डावर स्वतःच्या हाताने गाडीचा नंबर, तारीख आणि तीन शब्द लिहायचे. "पाहिली. ठीक आहे. खाली सही." असं आम्हाला शिकवताना ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे, कारण पहिल्याच दिवशी मी "खाली सही" हेही कार्डावर लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ज्याची सही त्यानेच उत्तर द्यायचं, हाताने लिहून, आठ दिवसांच्या आत. सहीमागे माणूस उभा पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. म्हणून सगळा कारखाना मला तपासबाई म्हणतो.

आता ऐक. गेल्या दोन महिन्यांत माझ्या सहीच्या गाड्यांबद्दल एकोणतीस पत्रं आली. त्यांतल्या एका कार्डावर १४ जानेवारी तारीख होती. १४ जानेवारीला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी पट्टी बांधून घरी पडले होते. डोळ्याला पट्टी बांधून मी त्रेपन्न गाड्या पाहिल्या आणि त्या ठीक आहेत असं लिहिलं! चौकशी केली. माझ्या एका कार्डाचा फोटो काढून, नंबर आणि तारीख बदलून, छपाईयंत्रावर कार्डं काढतात. शेवटची तपासणी आता कॅमेरा करतो. सही मात्र माझीच हवी, कारण सल्लागारांनी गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा लोक म्हणाले, त्या बाईची सही असली की बरं वाटतं.

मी न पाहिलेल्या गाड्यांवर माझं नाव आहे. हा सगळा प्रकार माझ्या डोक्यात गेलेला आहे.

२८ तारखेला तुमच्या घरातल्या पाच जणांचा बोर्ड बसेल. गाड्या परत बोलावण्याचा प्रस्ताव मी लेखी दिलाय. तुझे थोरले दीर आणि जाऊ माझ्या बाजूने आहेत. तुझा मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ विरुद्ध. पाचवं मत तुझं. नवऱ्याच्या खुर्चीवर सहा वर्षं नुसती बसतेस, एकदा हात वर कर.

आणखी एक. पोर्चमधली तुझी पांढरी गाडी वापरू नकोस. निदान मागे बसू नकोस. का ते विचारू नकोस, ऐक.

ताई


१० मार्च

धाकटे,

तुझ्या ऑफिसातून टाइप केलेलं उत्तर आलं. "मॅडमना आपलं पत्र मिळालं. मॅडम आपल्या भावनांची नोंद घेत आहेत."

माझ्या भावना! मी दाराबद्दल लिहिलं होतं.

तुला वाटत असेल, म्हातारपणी हिचं डोकं फिरलंय, नवं काही हिला बघवत नाही. मग नवं काय चाललंय तेही ऐक. सोमवारी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलं भिंतीला लावलेली, समोर स्टेज, पाठीमागे सिनेमाएवढा पडदा. छोटे मालक, म्हणजे तुझे चिरंजीव, आले. पांढरे बूट, कानाला माईक. म्हणाले, "आजपासून आपण गाड्या विकत नाही. आपण अनुभव विकतो."

माझ्या मागे पेंटशॉपमधली एक जण पुटपुटली, "मग पगारही अनुभवातच देतील."

मग म्हणे दोन दारांची छोटी गाडी कायमची बंद. तीच ती, जिला लोक लाडाने डबी म्हणतात, जिच्यावर तुमचं घर उभं राहिलं, जिच्यावर शिकून अर्ध्या शहराने लायसन्स काढलं. "डबी ही आपली ओळख नाही," असं तो म्हणाला. तुझ्या सासऱ्यांचा फोटो त्याच्या डोक्यावर टांगलेला होता.

प्रश्न विचारा म्हणाला. कोणी विचारीना. तेव्हा वेल्डिंगचा फोरमन उभा राहिला. त्याला आम्ही घुम्या म्हणतो, कारण तो वर्षाला तीन वाक्यं बोलतो.

"साहेब, माणूस आत अडकला तर बाहेर कसा येणार?"

"काका, आपण प्रॉब्लेमची भाषा सोडू या. सोल्यूशनची भाषा बोलू या."

"बरं. मग बाहेर कसा येणार?"

हसू फुटलं. तीनशे माणसं हसली. तुझा मुलगाही हसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घुम्याची बदली स्पेअरपार्टच्या गोदामात झाली. सत्तावीस वर्षं ज्याने सांधे जोडले तो आता खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोय. मी छोट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. तिथे आता खुर्च्या नाहीत, उभ्याने बोलायची टेबलं आहेत. म्हणजे माणूस लवकर जातो.

"घुम्याने काय चूक केली?" मी विचारलं.

"मॅडम, बदली ही शिक्षा नसते. संधी असते."

"मग ती संधी चुलतभावाला द्या. तो तीन वर्षं बसून आहे."

त्याने फोनकडे पाहिलं. मुलाखत संपली.

लोकांची पत्रंही ऐक. एक पियानो दुरुस्त करणारे गृहस्थ लिहितात, "पाऊस आला. वायपर पडद्यावरच्या चौथ्या पानावर आहेत. मी चौथ्या पानावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता." एक शिक्षिका लिहिते, "माझी डबी वीस वर्षं चालली. ती विकून ही घेतली. मला माझी डबी परत द्या, मी माफी मागते." माफी ती मागतेय! एकाने नुसता पिवळ्या कार्डाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "बाई, तुम्हीसुद्धा?"

हे शेवटचं वाचून मी पत्रांचा गठ्ठा उलटा ठेवला.

तू काही बोलणार आहेस का? की याही वेळी कानावर हात?

ताई


१५ मार्च

धाकटे,

काल नर्सकडे जाऊन आले. तिच्या पत्राला उत्तर द्यायचे आठ दिवस १० तारखेलाच उलटले होते. कामाच्या गडबडीत राहून गेलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, समक्षच जावं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर जिन्याजवळ युनिफॉर्म वाळत घातलेला. म्हातारी खिडकीशी खुर्चीत होती, आणि खोलीचं दार उघडं ठेवलेलं, त्याला टेकू म्हणून इस्त्री लावलेली. त्या दिवसापासून ती कुठलंही दार बंद करू देत नाही म्हणे. बाथरूमचंसुद्धा.

"या," म्हणाली. "तुम्ही त्या सहीवाल्या का?"

"हो."

"मी आत बसले ना, तेव्हा आधी बटण दाबलं. मग सगळी बटणं दाबली. मग देवाचं नाव घेतलं. देवाचं बटण कुठलं ते काही कळलं नाही." आणि ती हसली. मला हसता आलं नाही.

नर्स हसली नाही. तिने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, कार्ड ठेवलं, आणि उभीच राहिली. रोज बारा तास लोकांना तोंडावर खरं सांगण्याची सवय असलेली बाई.

"ही सही तुमची आहे ना?"

मी तिला सांगितलं, की हल्ली नक्कल छापतात. खरी सही आणि छापील यांतला फरकही सांगितला. मी बॉलपेन दाबून लिहिते. कार्ड उलटं करून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. छापील कार्डाची पाठ गुळगुळीत असते.

तिने कार्ड हातात घेतलं नाही. "मला त्यातलं कळत नाही," म्हणाली. "मी गाडी घेतली तेव्हा सेल्समनने कप्पा उघडून हे दाखवलं. म्हणाला, ही बाई कोणाचं ऐकत नाही. मी म्हटलं, मग हीच गाडी द्या."

मी कार्ड पर्समध्ये टाकलं, "तपासायला नेते" म्हटलं, आणि जिना उतरले. उतरताना प्रत्येक पायरीवर कठडा धरला. वय झालं.

घरी आल्यावर तुझीच आठवण झाली, आणि राग आला. तुझा मुलगा पाच वर्षांचा झाला त्या वर्षी तुझ्या सासूबाईंनी तुझ्यामार्फत निरोप धाडला होता: सुनेची बहीण आमच्याच कारखान्यात पाना घेऊन फिरते, बरं दिसत नाही. तू तो निरोप शब्दन् शब्द पोचवलास. वर स्वतःचं घातलंस, "ताई, तू माझी लाज काढतेस." मी नोकरी सोडली नाही. तुझ्याकडे येणं सोडलं. सहा वर्षांपूर्वी तुझा नवरा गेला तेव्हा शिफ्ट टाकून, निळा कोट अंगावर तसाच, धावत आले. तू दारातून ड्रायव्हरला म्हणालीस, "यांना स्टाफबरोबर बसवा."

मी बसले. दोन तास. तुझ्या नवऱ्यासाठी बसले. तो भला माणूस होता.

म्हणून मला शिकवू नकोस की घरचं माणूस आणि नोकरमाणूस यांत कुठे रेघ मारायची. ती रेघ तू मारलीस. मी फक्त तिच्या पलीकडे उभी आहे.

दोन आठवडे उरले. तेरा दिवस म्हण.

ताई

ता.क. ती पांढरी गाडी वापरत नाहीस ना? एवढं तरी कळव. टाइप करून कळव हवं तर.


१९ मार्च

धाकटे,

मागच्या तीन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. नर्सशीही, तिच्या घरात बसून, तिचं पाणी पिऊन. आता सरळ लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

तिचं कार्ड गुळगुळीत नाही. मी ते तिच्याकडे जायच्या आधीच ओळखलं होतं. पत्रात नंबर होता. गाडी नंबर तेवीस. माझी खरी सही. म्हणून आठ दिवस उलटले. कामाची गडबड कसली, मला पेन धरवत नव्हतं.

नोव्हेंबरात पहिल्या चाळीस गाड्या लाइनवरून उतरल्या. मी नेहमीसारखी बॅटरीची वायर काढली, मागे बसले, दार ओढलं. ओढायला काही नव्हतंच. चाळीसही गाड्यांना लाल कार्ड लावलं: नापास. अशी लाल रांग कारखान्यात कोणी पाहिली नव्हती. लोक बघायला आले.

तासाभरात तुझा मुलगा माझ्या केबिनमध्ये आला. एकटा. सल्लागार नाहीत, माईक नाही. दार लोटून घेतलं आणि म्हणाला,

"मावशी."

चार वर्षं तो कारखान्याचा मालक आहे. चार वर्षं मी "मॅडम" आहे. त्याआधी तो तुझ्या घरात वाढत होता, जिथे मी येत नव्हते. त्याच्या तोंडून हा शब्द मी त्याच्या पाचव्या वाढदिवसानंतर ऐकला नव्हता. तेव्हा त्याला मी पत्र्याची डबी करून दिली होती, चारही दारं उघडणारी. खऱ्या डबीला दोनच असतात. त्याला चार हवी होती.

"मावशी, ती पत्र्याची गाडी अजून आहे माझ्याकडे," म्हणाला. "फक्त या चाळीस. शोरूममध्ये उभ्या राहतील, रस्त्यावर येणार नाहीत. उद्घाटनाचं सगळं ठरलंय. नंतर कड्या बसवू. तुझ्या सहीशिवाय डीलर हात लावत नाहीत गं."

"गं" म्हणाला.

मी लाल कार्डं काढली. चाळीस पिवळी लिहिली. "पाहिली. ठीक आहे." चाळीस वेळा, दाबून, एकेक. हात दुखला. अक्षर कुठेही बिघडलं नाही, त्याचा मला आता सगळ्यांत जास्त राग येतो.

गाड्या महिन्याभरात विकल्या. कड्या बसल्या नाहीत. त्या चाळिसांतल्याच एका कार्डाचा फोटो काढून उरलेली नऊशे छापली. म्हणजे माझी सही कोणी चोरली असं मी जे ओरडत सुटले, ती मीच त्यांच्या हातात ठेवली होती. बाहेरच्या कोणी मागितली असती तर हाकलून दिलं असतं. घरचं म्हणून मागितली आणि मी विरघळले. तुम्ही लोक घर आणि कारखाना एक करता म्हणून मी तुमच्या नावाने बोटं मोडते. मीही तेच केलं. एका शब्दासाठी.

अजून संपलेलं नाही. नंबर एकची गाडी कुठे जाणार ते कार्ड लिहिताना मला माहीत होतं. उद्घाटनात तो तिची किल्ली तुला देणार होता. पांढरी. तू नेहमी मागे बसतेस, तेही माहीत होतं. तरी लिहिलं. मनात काय होतं विचारशील तर प्रामाणिकपणे सांगते: काहीच नव्हतं. तो "मावशी" म्हणाला होता आणि मी खूश होते.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करून देताना पहिली शिवण स्वतः घालायचे, आठवतं? गिऱ्हाईक दारात घाईला आलेलं असलं तरी. "आधी माझ्या हाताखाली चालू दे," म्हणायचे. त्यांच्या मुलीने स्वतः वायर काढून दार बंद राहिलेलं पाहिलं आणि ठीक आहे म्हणून लिहून दिलं. तेही धाकट्या बहिणीच्या गाडीवर.

हे मी २८ला बोर्डासमोर वाचणार आहे. नर्सला आज लिहिलं, सगळं. तुला आधी कळावं म्हणून हे. तुझ्या मताबद्दल आता मला काही म्हणायचा अधिकार नाही. पण गाडीत बसू नकोस.

ताई


२९ मार्च

गाडी क्रमांक १ च्या मालकीणबाईंस,

तुमची तक्रार २१ तारखेला पोचली. नियमाप्रमाणे आज आठवा दिवस, म्हणून उत्तर देत आहे.

तक्रार कंपनीच्या छापील फॉर्मवर होती, गिऱ्हाइकांसाठी असतो त्या. मी तो चार वेळा वाचला, म्हणून पाठ झालाय: "मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला बॅटरीची वायर काढायला सांगितली. दार उघडलं नाही. घाबरून त्याने हातातला पाना इंजिनात पाडला, वायर परत जोडता येईना. चौदा मिनिटं लागली. तपासनिसाने खुलासा करावा." खाली पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, आणि सही.

एवढी पत्रं लिहिली मी. बस नकोस, बस नकोस म्हणून. तर ही बया मुद्दाम जाऊन बसली! चौदा मिनिटं! तुला गुदमरल्यासारखं होतं, लिफ्टमध्ये सुद्धा चढत नाहीस. वाचून मी इतकी संतापले की शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून बाहेर गेली. मग लक्षात आलं. पहिली शिवण. बाबांच्या दोन मुली होत्या आणि त्यांतल्या एकीने तरी ती घातली.

खुलासा असा: गाडी मी पाहिली होती. ठीक नव्हती. तरी सही केली. कारण दुसरं काही नाही.

कालच्या मीटिंगचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही होतातच. पण मला जे दिसलं ते लिहून ठेवते. मी वाचायला उभी राहिले त्याआधीच छोट्या मालकांनी चाळीस कार्डांची यादी टेबलावर टाकली. हुकमाचं पान टाकावं तशी.

"मॅडम, या सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"म्हणजे चूक तपासणीची."

"चाळीस माझ्या. बाकीच्या नऊशे तुझ्या," मी म्हणाले. कारखान्यात मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "आणि ती पत्र्याची गाडी परत दे मला. तिची दारं उघडतात."

चुलतभाऊ छताकडे बघायला लागला. तुझ्या थोरल्या दिरांना खोकला आला. तुझा मुलगा लाल झाला आणि म्हणाला, दोरी आहे, माहितीपत्रकात चित्रासकट दिलेली आहे, आणि इतक्या मोठ्या निर्णयात वैयक्तिक गोष्टी आणू नयेत. "गाडीचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या गिऱ्हाइकांचं मत..."

तेव्हा तू पर्स उघडलीस. कप्प्यातलं पिवळं कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलंस.

"आई, हे काय?"

"पाहिली," तू म्हणालीस. "ठीक नाही."

आणि हात वर केलास. कोपर टेबलावरून न उचलता, शाळेत उत्तर येत असूनही द्यायचं नसे तेव्हा करायचीस तसा. पण वर केलास. तीन विरुद्ध दोन. लाइन काल दुपारीच थांबली. नऊशे चाळीस गाड्या परत येणार.

त्याच्या चेहऱ्याकडे मी नंतर पाहिलं. तो तुझ्याकडे बघत होता, मालकासारखा नाही, पडलेल्या मुलासारखा. मला वाईट वाटलं. राग गेलेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला साठीला आल्यावर कळतंय.

माझा राजीनामा मी आत जायच्या आधीच दिला होता. ज्याची सही त्यानेच उत्तर द्यायचं. काही जण थांबा म्हणाले. पेंटशॉपमधली ती रडली. घुम्याने वर्षातलं दुसरं वाक्य खर्च केलं (कँटीनमधला प्रश्न दोनदा विचारला तरी एकच धरते): "मॅडम, बरोबर केलंत." एक अजून शिल्लक आहे त्याचं.

तू कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारून गेलीस. मला वाटलं, तशीच जाशील. चार पावलं पुढे जाऊन थांबलीस, वळली नाहीस, आणि म्हणालीस,

"ताई, माझी गाडी कधी मिळेल?"

तर त्याचं हे उत्तर. आज सकाळी घुम्याने आणि मी, माझ्या शेवटच्या शिफ्टला, तुमच्या गाडीच्या चारही दारांना डबीच्या कड्या बसवल्या. लोखंडी, केबलवर चालणाऱ्या, हाताने ओढायच्या. त्या पांढऱ्या मऊ दारावर भयंकर दिसतात. घुम्या म्हणाला, "शोभत नाहीत." संपली तीन वाक्यं. मग त्याने बॅटरीची वायर काढली, आणि मी मागे बसले. डावीकडून दोनदा, उजवीकडून दोनदा. त्याला वायर घेऊन लांब जायला सांगितलं होतं.

तुमच्यासारखी चौदा मिनिटं नाही बसले. पण बसले.

गाडी उद्या दहा वाजता तुमच्या दारात येईल. घेऊन मीच येणार आहे. निळा कोट कारखान्यात परत केला, तेव्हा कुठे बसवायचं याचा विचार ड्रायव्हरवर सोपवू नये ही विनंती.

जुनं कार्ड फाडलं. कप्प्यात नवं ठेवलंय. तेच तीन शब्द. वाचायच्या आधी उलटं कर आणि बोट फिरवून बघ.

ताई